बोलाचाली, फुलंब्री

१८ ऑगस्ट

निवृत्तीनंतर डायरी लिहायची नाही असं ठरवलं होतं. कॉलेजात दरवर्षी मिळणाऱ्या डायऱ्यांत मी फक्त इस्त्रीला दिलेल्या साड्या मांडल्या. पण काल आमच्या रेडिओला वर्ष झालं, काकासाहेबांनी भाषणात स्टेशनचा इतिहास सांगितला, आणि तो ऐकून वाटलं की आपणही काही टिपून ठेवावं. नाहीतर पुढं तोच इतिहास राहील.

खरी हकिगत अशी. काकासाहेबांच्या शिक्षणसंस्थेला सामुदायिक रेडिओचा परवाना मिळाला. फुलंब्रीत कॉलेजच्या गच्चीवर मनोरा उभा राहिला. मग कळलं की गाणी लावायची तर त्यांच्या हक्कांचं मोठं लचांड असतं. काकासाहेबांनी विचारलं, "मग लावायचं काय?" मांडव-लाउडस्पीकरचा धंदा सोडून तंत्रज्ञ म्हणून लागलेला कडूबा कोपऱ्यात वायर सोलत होता. तो म्हणाला, "काही लावायचं काहून? लोकायला बोलू द्या. त्यायला बोलायला कोनाचं लायसन लागत नाय." असं हे बोलकं केंद्र जन्माला आलं. ‘रेडिओ बोलाचाली’ हे नावही त्याचंच. बोलाचाली म्हणजे भांडणसुद्धा, हे मी बैठकीत सांगून पाहिलं. तो म्हणाला, "चालतंय की मॅडम. भांडण असलं की लोकं कान देत्यात."

मी कार्यक्रमप्रमुख. संभाजीनगरात आयुष्यभर मराठी शिकवलं. आता मुकुंदवाडीहून बस बदलत रोज इथं येते. दुपारी एक तास आणि संध्याकाळी एक तास लोकांचे फोन थेट. आवाज दहा-बारा किलोमीटर पोचतो, चौक्याचा घाट लागला की खरखर. स्टुडिओच्या भिंतींना कडूबानं जुन्या मांडवाचं लाल-पांढरं कापड दुहेरी ठोकलंय. मी एक वेळापत्रक केलंय आणि दारावर नियमांचा कागद लावलाय: बातमी नाही, राजकारण नाही, जाहिरात नाही. परवान्यातच तसं आहे.

ऐकतं कोण, हा प्रश्न मात्र छळतो. फोन करणारी तीच ती आठ-दहा माणसं. आज बसमध्ये कंडक्टरनं तिकीट देता देता विचारलं, "बाई, त्या पालवाल्याची म्हैस घावली का शेवटी?" मला आधी समजेचना; मग आठवलं, मागं पाल गावच्या एकानं म्हैस हरवल्याचा फोन केला होता. कडूबानं त्याला सांगितलं असणार.

३ सप्टेंबर

दगडाबाईंनी आज पुन्हा कार्यक्रमाची वाट लावली. या खामखेडच्या म्हाताऱ्या बाई. शेजारच्या पोराकडून एकदा नंबर लावून घेतला आणि तेव्हापासून रोज फोन. आज पोषणावर बोलायला डॉक्टरीणबाई आल्या होत्या, तर दगडाबाई त्यांना सांगत बसल्या की त्यांची तांबडी कोंबडी जावयाला बघितलं की अंडं देत नाही. मी फोन कापला.

नंतर कडूबा म्हणाला, "मॅडम, बाईचा फोन तोडला की लोकं मला रस्त्यात शिव्या देत्यात."

"रेडिओ म्हणजे पाण्याचा नळ नव्हे, येता-जाता गप्पा मारायला."

"मग काय हाय?"

मी वेळापत्रकाकडं बोट दाखवलं. 

संध्याकाळची बस चुकली, म्हणून इंद्रजीतच्या टेम्पोतून आले. हा कडूबाचा धाकटा भाऊ. आयटीआय केलंय, शेंद्र्याच्या कंपन्यांत खेटे घालून झाले, आता डेअरीची दुधाची गाडी चालवतो. दुपारी गावोगावचे कॅन गोळा करायचे, संध्याकाळी शहरात पोचवायचे. गरीब स्वभावाचा मुलगा. घाटात इतकं हळू चालवतो की मागचे हॉर्न वाजवतात. कडूबाची मुलगी श्रेया, पाच वर्षांची, त्याच्या अंगाखांद्यावर वाढलीय. म्हणाला, "मी घरी गेल्याबिगर जेवत नाय ती. वैनी रोज माझ्यावर चिडती."

१९ सप्टेंबर

आज पोरं पळवणाऱ्या टोळीबद्दल तीन फोन. कुणाच्या मोबाइलवर काहीतरी आलंय, त्यावरून सगळे बोलतात. तिन्ही फोन मी तिथल्या तिथं थांबवले. "रेडिओवर आपण बातम्या देत नाही," एवढंच सांगितलं. कडूबाला सूचना दिली की असे फोन जोडूच नकोस.

"मॅडम, पन लोकायला भ्या वाटायलंय."

"भीतीवर कार्यक्रम करता येत नाही, कडूबा."

टेम्पोत इंद्रजीतनंही तेच काढलं. हर्सूलच्या अलीकडं गाडी कडेला घेऊन मोबाइल दाखवला. पोत्यात कोंबलेलं मूल, भोवती लोक ओरडतायत; कुठलं गाव, कुठली भाषा, काही कळत नव्हतं.

"खरं हाय का मॅडम हे?"

"असलं काही नसतं."

"मग तुमी रेडिओवर तसं काहून म्हनला नाय?"

मी त्याला समजावलं की ते आपलं काम नाही, त्यासाठी पोलीस आहेत. त्यानं मान हलवली. गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली. मग म्हणाला, "दोन दिवस झाले, श्रेयाला आमी शाळेत धाडलं नाय." मी म्हटलं, हे मात्र चूक, मुलीचं नुकसान होतंय. त्यालाही ‘हो’ म्हणाला. शहाणा मुलगा आहे, पटवून दिलं की ऐकतो.

२३ सप्टेंबर

कडूबानं पुन्हा विषय काढला: एक तास ठेवू, फौजदारांना बोलावू, लोकांना काय विचारायचं ते विचारू देत. मी काकासाहेबांना फोन केला. ते म्हणाले, "पद्मजाताई, बातमीच्या जवळपास जाऊ नका. परवाना मिळवायला मी किती उंबरे झिजवले ते मला ठाऊक." माझंही मत तेच होतं, त्यामुळं बरं वाटलं.

२७ सप्टेंबर

क्रमानं लिहिते. उद्यापर्यंत थांबले तर मीसुद्धा काकासाहेबांसारखं सांगायला लागेन.

दुपारचा माझा ‘म्हणींचा तास’ चालू होता. काचेपलीकडून कडूबा हात करत होता. मी मानेनं नाही म्हटलं. तरी त्यानं माझ्या कानातल्या हेडफोनवर सांगितलं, "खामखेडहून दगडाबाई हायेत. मॅडम, आज घ्या. पाया पडतो, घ्या."

घेतला. पलीकडून नुसता गलका. त्यातून दगडाबाईंचा आवाज.

"बाई, शाळेच्या व्हरांड्यात लोकायनं दोन मानसं अन् एक बाई धरली. बाईच्या कडंला पोरगं हाय. पोरं पळवनारे म्हनत्यात. एकाच्या अंगावर पोलिसाचे कपडे हायेत, खोटे. मारायलेत त्याला. लई मारायलेत. माझं कोनी ऐकंना. तुमी सांगा, तुमचं ऐकतील."

दारावरचा कागद माझ्यासमोरच होता. बातमी नाही. मला वाटतं मी एक दीर्घ श्वास घेतला असेल, त्याहून जास्त वेळ गेला नाही. मी म्हटलं, "दगडाबाई, फोन ठेवू नका. पोलिसांना कळवलंय का कुणी?"

"कसे येतील? रस्त्यात दुधाची गाडी आडवी लावलीय. पळून जाऊ नये म्हनून."

कडूबा तेव्हा स्वतःच्या मोबाइलवरून ठाण्यात फोन लावत होता. घाईत त्याच्या हातून तो खाली पडला. वाकून उचलला, पुन्हा लावला.

मी दगडाबाईंना म्हटलं, त्या बाईपर्यंत जाता येईल का? म्हाताऱ्या बाईला कोण अडवणार, असं म्हणत त्या निघाल्या. धक्के, शिव्या, कुणीतरी ‘ए म्हातारे’ म्हणून ओरडलं, आणि मग एक बारीक आवाज.

"बाई, नाव काय तुमचं?"

"मुक्ताबाई."

"कडेवरच्या बाळाचं?"

"सखाराम. आज्याचं नाव ठिवलंय. माझंच हाय ओ पोरगं. माझंच हाय."

"गाव कुठलं?"

"कोन्तं सांगू? बहुरूपी हाव आमी. सोंगं घेऊन फिरतो. ह्यो माझा मालक, बन्सी. दुसरा दीर. दिवाळीपोतर हिकडंच असतो दरसाल."

मला तेव्हा जे सुचलं ते मी बोलले. आजवर माइकवर लिहून आणल्याशिवाय मी कधी बोलले नव्हते. म्हटलं, "बोलाचाली ऐकणाऱ्या सगळ्यांना विचारते. बन्सी बहुरूपी आणि मुक्ताबाई. दरवर्षी आपल्या भागात येतात म्हणतात. यांना ओळखणारं कुणी असेल तर आत्ता फोन करा. खामखेडमधल्या माणसांनो, रेडिओ लावा. माझं ऐकू नका, यांना ओळखणाऱ्यांचं ऐका."

दोन लाइनींपैकी एक दगडाबाईंसाठी धरून ठेवली होती. दुसरीवरचा दिवा लगेच लागला.

पालचा किराणावाला: "बन्सी का? दरसाल पोलीस होऊन माझ्या दुकानापुढं येतो. माप खोटं म्हनून मलाच दटावतो. सगळा बाजार हसतो. अहो, त्याला हात लावू नका, गरीब मानूस हाय."

मग एका वस्तीवरून द्वारकाबाई. मोठा खणखणीत आवाज. "मुक्ताचं बाळंतपन माझ्या गोठ्यात झालं. मी केलं. पोराच्या डाव्या मांडीला काळं लासं हाय तळहाताएवढं, बघा चड्डी काढून. नसलं तर मला धरून न्या."

दगडाबाई ओरडल्या, "हाय. हाय लासं."

फोन येत राहिले. एका देवळाचे गुरव, एक एसटी ड्रायव्हर, शाळेतली मुलगी जिला बन्सीनं यमाच्या सोंगात घाबरवलं होतं आणि मग लिमलेटची गोळी दिली होती. कडूबा एकामागून एक जोडत होता. त्याचा चेहरा पांढरा पडला होता, पण हात चुकला नाही. दगडाबाई मधून मधून सांगत होत्या. न्हाव्याच्या दुकानातला रेडिओ आणलाय. शाळेच्या भोंग्याच्या माइकपुढं धरलाय. ऐकायलेत. काही जण खाली बसले. एकानं काठी टाकली.

मग बराच वेळ त्यांच्या फोनवरून आमचाच रेडिओ आम्हाला ऐकू येत होता, आणि दुसरं काही नाही.

दुधाची गाडी कुणीतरी बाजूला घेतली आणि पोलीस पोचले. दिराला मार आहे पण तो चालतोय. बन्सीच्या डोक्याला आणि डोळ्याला जबर लागलंय. अँब्युलन्सची वाट न बघता इंद्रजीतनं त्याला टेम्पोत घालून शहरात घाटी रुग्णालयात नेलं. तो दुधाला तिथंच होता म्हणे. एवढ्या गर्दीत एक तरी शहाणं माणूस होतं.

तासाचा कार्यक्रम संध्याकाळपर्यंत चालला.

२८ सप्टेंबर

घाटीत जाऊन आले. मुक्ताबाई वॉर्डाबाहेर भिंतीला टेकून बसलेली, पोर मांडीवर. मी कोण ते सांगितलं. तिनं माझा हात धरून कपाळाला लावला. बन्सीच्या उजव्या डोळ्याचं अजून सांगता येत नाही म्हणतात.

कडूबा आज जेवला नाही. थकलाय. मी म्हटलं, इंद्रजीतचा आपण रेडिओवर सत्कार करू. शाल, नारळ, दोन शब्द. एवढ्या जमावात पुढं होऊन माणूस उचलायला धैर्य लागतं.

"सत्कार नको मॅडम."

"का नको? लोकांना चांगलं उदाहरण—"

"नको म्हनलं ना." आणि तो गच्चीवर निघून गेला. माझ्याशी तो या सुरात कधी बोललेला नाही. दोघं भाऊ भिडस्त, दुसरं काय.

इंद्रजीत बसस्टँडवर दिसला. उजव्या हाताला पट्टी. म्हणाला, कॅनमध्ये सापडला. आता त्याची गाडी वेगळ्या रस्त्यानं जाते, मला सोडता यायचं नाही.

४ ऑक्टोबर

काकासाहेबांनी ऑफिसात बोलावलं. वर तक्रार गेलीय: सामुदायिक केंद्रानं परवानगी नसताना घडत्या घटनेचं वार्तांकन केलं, लोकांना चिथावलं. तक्रारदाराचं नाव नाही. पोलिसांनी खामखेडमधले काही जण धरलेत. मला वाटतं त्यांच्यापैकी कुणाचे तरी नातेवाईक असतील.

"दिलगिरीचं पत्र देऊ," काकासाहेब म्हणाले. "आणि पुढं थेट फोन बंद. आरोग्य, शेती, अभंग. आधी रेकॉर्ड करायचं, मी ऐकायचं, मग लावायचं. ताई, मला संस्था चालवायची आहे."

"दिलगिरी कशाबद्दल?"

"नियम मोडल्याबद्दल. तुम्हीच लावलाय ना तो दारावर?"

"मी ती बातमी दिली नाही, काकासाहेब. मी एकदाही सांगितलं नाही की अमुक ठिकाणी अमुक झालं. एका बाईला नाव विचारलं आणि बाकीच्यांना विचारलं, हिला ओळखता का. ती बातमी नव्हती, ओळख होती."

ते बराच वेळ पेपरवेट फिरवत राहिले. म्हणाले, "हे बोलायला छान आहे. वरच्या साहेबांना लिहून पटणार आहे का?"

"मी लिहीन. पण दिलगिरीवर सही करणार नाही."

चौकशी होईपर्यंत प्रक्षेपण बंद. कडूबानं यंत्राचं बटण बंद केलं तेव्हा तो बारीक घूं असा आवाज थांबला, आणि मला पहिल्यांदा कळलं की तो आवाज रोज होता.

५ ऑक्टोबर

घरी यजमान, हेमचंद्र, म्हणाले, "सोडून दे. तुला काय कमी आहे? घाटातून रोजची ये-जा, त्यात ही कटकट." ते चुकीचं बोलले नाहीत. रात्रीचं जेवण होईपर्यंत मीही सोडून द्यायच्या विचारात होते. मग विचार केला की दगडाबाईंनी पोलिसांना नाही, सरपंचाला नाही, मला फोन केला. का केला? मी तर त्यांना रोज कापत होते.

उत्तराचा मसुदा लिहायला घेतला. चार वेळा फाडला. कॉलेजातल्या मराठीत लिहिलं की ते गुळगुळीत होतं.

१२ ऑक्टोबर

आज बाजाराच्या दिवशी कडूबानं आपला जुना भोंगा, एक माइक आणि बॅटरी आणली. चिंचेखाली, कांद्याच्या ढिगाशेजारी उभं राहून मी म्हटलं, "रेडिओ बंद आहे, पण बोलाचाली बंद करायला कुणी सांगितलेलं नाही." पोलिसांची रीतसर परवानगी कडूबानं काढली होती. फौजदार स्वतःच आले आणि कांदे निवडत उभे राहिले.

विषय मीच काढला. मोबाइलवर काहीतरी येतं, भीती वाटते, मग काय करायचं? आधी कुणी पुढं येईना. मग एका बाईनं माइक घेतला आणि म्हणाली, "मी माझ्या पोरीला चार दिवस घरात कोंडलं होतं. कोनाला इचारावं तेच कळंना." मग दुसरी. मग एक म्हातारा, जो फौजदारांनाच विचारायला लागला की अशी टोळी कधी सापडली का. फौजदार म्हणाले, माझ्या नोकरीत नाही. कांद्याची पिशवी खाली ठेवून त्यांनी सगळ्यांची उत्तरं दिली.

हे सगळं सप्टेंबरात व्हायला हवं होतं. मी नंतर कडूबाला तसं म्हटलं. तो वायर गुंडाळत होता. म्हणाला, "व्हय." तेवढंच.

बाजारात एवढी माणसं मला नावानिशी ओळखतात हे नवल. भाजीवाली म्हणाली, बाई, तुमचं ते म्हणींचं काही कळत नाय, पन आवाज बरा वाटतो, मी लावून ठिवते.

९ नोव्हेंबर

बन्सीचा उजवा डोळा गेला. डॉक्टरांनी निश्चित सांगितलं. त्याला सोडलंय; पालच्या किराणावाल्यानं गोदामाची खोली दिलीय राहायला.

मी भेटायला गेले होते. तो हसून म्हणाला, "आता एका डोळ्याचंच सोंग घ्यावं लागंल, बाई." मुक्ताबाई त्याच्यावर ओरडली. जाताना ती मला दारापर्यंत सोडायला आली. मी इंद्रजीतचं नाव काढलं, तुमच्या नवऱ्याला दवाखान्यात नेणारा तो. तिच्या चेहऱ्यावरून मला काही कळलं नाही. "तो येतो," ती म्हणाली. "दर आठ दिवसाला. दूध ठिवतो उंबऱ्यावर. आत येत नाय. मालक म्हनत्यात, ये की रे आत. पन तो निघून जातो."

असे लोक आहेत म्हणून जग चाललंय.

कडूबाचं वागणं काही समजत नाही. दुसरीकडं नोकरी बघतोय की काय. आज मी विचारलं तर म्हणाला, "मॅडम, रेडिओ कधी चालू व्हनार तेवढं सांगा." तीन वेळा तेच विचारलं.

२५ नोव्हेंबर

सुनावणी झाली. वरून आलेले अधिकारी तरुण होते, मंदार नावाचे, सौम्य बोलणारे. माझं उत्तर त्यांच्यापुढं होतं. पाचव्या वेळी ते मी साधं लिहिलं: काय झालं, मी काय विचारलं, कोण काय म्हणालं. विशेषणं नाहीत.

त्यांनी विचारलं, "पुन्हा असा प्रसंग आला तर?"

काकासाहेब माझ्याकडं बघत होते. मी म्हटलं, "पुन्हा हेच करीन. फक्त प्रसंग यायच्या आधी करीन. लोक घाबरलेत असं कळलं की त्यांना बोलू देईन."

मग अनपेक्षित गोष्ट घडली. काकासाहेब उठले. म्हणाले, "साहेब, दिलगिरीचं पत्र द्या असं मीच यांना सांगितलं होतं. ते मी मागं घेतो. संस्था यांच्या पाठीशी आहे." आणि बसले. घाम पुसत होते. फौजदारांनी लेखी दिलं होतं की त्या दिवशी रेडिओ नसता तर ते पोचेपर्यंत तीन मुडदे पडले असते.

समज देऊन प्रकरण मिटलं. एक डिसेंबरपासून परवानगी. थेट फोनसकट.

बाहेर आल्यावर मी कडूबाला सांगितलं. मला वाटलं तो उड्या मारेल. तो पायरीवर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. आनंदानं माणूस असाही होतो.

१ डिसेंबर

दुपारी चालू केलं. मनोऱ्याखाली काकासाहेबांनी नारळ फोडला. पहिला फोन दगडाबाईंचा. तांबड्या कोंबडीनं पिल्लं काढलीत. मी सगळं ऐकून घेतलं, किती पिल्लं, रंग कोणते. काचेपलीकडं कडूबा मात्र हसत नव्हता. तो दिव्याकडं बघत होता.

चार-पाच फोन झाले. मग दिवा लागला आणि कडूबा उभा राहिला. बटणावर बोट ठेवून माझ्याकडं बघत राहिला. जोडू का, असं विचारत होता. त्यानं आजवर कधी तसं विचारलेलं नाही. मी मानेनं हो म्हटलं.

"बोला. नाव सांगा."

"इंद्रजीत."

मला वाटलं, चला, आला एकदाचा. मी शाल-नारळाचं बोलणार होते.

"मॅडम, मला बोलू द्या. मधी थांबवू नका. खामखेडला दुधाची गाडी आडवी मी लावली होती. पहिला हात माझा. कॅनच्या झाकनानं मारलं मी त्याला, डोळ्यावर. तो म्हनत होता, मालक, सोंग हाय हे, सोंग हाय. मला खरं वाटंना. मला आमची श्रेयाच दिसत होती पोत्यात. मग भोंग्यावर ती बाई बोलली, बाळंतपनाची. तवा मी माझा हात पायला."

 फोनवर रस्त्यावरची वाहनं ऐकू येत होती.

"गाडीत नेताना त्याचं डोकं माझ्या मांडीवर टेकलं होतं. तो म्हनला, मालक, तुमच्या कपड्याला रक्त लागंल. त्याला ठावं होतं मीच मारलं ते. पोलिसायला त्यानं माझं नाव नाय सांगितलं. लोकायनं मोबाइलवर काढलेल्या व्हिडिओत मी नाय. गर्दीत पहिलं कोनी मारलं ते कोनाच्या ध्यानात नाय. दादाला तेवढं सांगितलं मी त्याच दिवशी."

कडूबा उभाच होता. डोळे मिटलेले.

मी म्हटलं, "इंद्रजीत, हे थेट चालू आहे. सगळा भाग ऐकतोय."

"म्हनून तर थांबलो होतो, रेडिओ चालू व्हायला. ठान्यात गुपचूप सांगितलं असतं तर खामखेडची बाकीची पोरं म्हनली असती, याला कोनी तरी धरून नेलं. तसं नाय. मी सोताहून चाललोय. अन् बन्सीभाऊला त्या आत बसलेल्या पोरायनी मारलंच नाय असं नाय, पन पहिलं मी मारलं. मी नसतं मारलं तर त्यायनी मारलं असतं का, मला म्हाईत नाय. ठान्याच्या बाहेर उभा हाय. फोन ठिवतो."

"ठेवू नकोस," मी म्हटलं. "थांब तिथंच. एकट्यानं जाऊ नकोस. आम्ही येतोय."

मग माइकवर सांगितलं की आजचा कार्यक्रम इथंच थांबवते आहे. कारण सांगायची गरज नव्हती. कडूबानं मोटारसायकल काढली. काकासाहेब पायऱ्यांवर उभे होते, हातात नारळाची वाटी तशीच. म्हणाले, "वकील मी बघतो. जा तुम्ही."

ठाण्यापर्यंतचा रस्ता कॉलेजपासून जवळ. पण तेवढ्या वेळात तिथं माणसं जमली होती. चहावाला, पंक्चरवाला, बसचा तो कंडक्टर, खामखेडहून कामानिमित्त आलेले काही.  जमाव दिसला की आता मी आधी हातांत काठ्या शोधते. पण कुणी बोलत नव्हतं. ते नुसते उभे होते आणि मध्ये फाटकापर्यंत वाट ठेवलेली होती. इंद्रजीत कडुलिंबाखाली होता, मोबाइल अजून कानाला. मी समोर गेले तेव्हा त्यानं तो खाली घेतला.

  मी त्याच्या दंडाला धरलं, एवढंच. त्या दिवशी टेम्पोत त्यानं विचारलेलं, ‘तुमी रेडिओवर तसं काहून म्हनला नाय?’, ते सारखं कानात वाजत होतं.

पायरीशी त्यानं चपला काढल्या, देवळात काढतात तशा. दारातला शिपाई म्हणाला, "राहू दे, घाल पायात." तरी तो अनवाणीच आत गेला. कडूबानं चपला उचलल्या, धूळ झटकली आणि हातात घेऊन उभा राहिला.

जबाब संपेपर्यंत आम्ही बाकावर होतो. मध्येच मुक्ताबाईचा फोन आला, किराणावाल्याच्या मोबाइलवरून. "ऐकलं आमी," म्हणाली.  मग, "मालक रडायलेत. मी काय म्हनू बाई, मला अजून राग हाय. लई राग हाय." मी म्हटलं, असू दे. असायलाच हवा.

निघताना कडूबाला म्हटलं, उद्या घरी थांब, बायकोजवळ, आईजवळ. रेडिओ एक दिवस राहू दे.

"नाय मॅडम," तो म्हणाला. "उद्या लोकं आमाला शिव्या द्यायला फोन करतील. ते कोन जोडून देनार?"